गोधडीचं अस्तर अखंड घ्यावं की जोडाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोधडीच्या वरच्या बाजूचे रंग आणि तुकडे जुळवण्यात महिना जातो, आणि अस्तराची आठवण होते ती शिवायला बसायच्या आदल्या दिवशी. मग कपाटात मिळेल ते कापड खाली जातं. अंगाला लागते ती बहुतेक वेळा हीच बाजू, आणि धुण्यात सगळ्यात जास्त ताणही तिच्यावरच येतो. खालचे प्रश्न शिवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येत असतात. मापं इंचात दिली आहेत आणि कापडाची खरेदी मीटरमध्ये, कारण दुकानात ते तसंच चालतं.

१. अखंड अस्तर आणि जोडाचं अस्तर म्हणजे नेमकं काय?

गोधडीच्या सगळ्यात खालच्या थराला इथे अस्तर म्हटलं आहे. तो थर एकाच कापडाचा, मधे कुठेही शिवण नसलेला असेल तर अखंड. दोन किंवा अधिक कापडं शेजारी शेजारी शिवून पुरेशी रुंदी केली असेल तर जोडाचं. एकाच साडीचे दोन तुकडे करून शेजारी शिवले तरी ते जोडाचंच अस्तर, भले शिवण लांबून दिसत नसो. अस्तर एकरंगी की छापील हा प्रश्न वेगळा, तो क्रमांक १२ मध्ये आहे.

२. दोन्हींपैकी चांगलं कोणतं? एकच उत्तर द्या.

हाताने, दाट धावदोऱ्यात शिवणार असाल तर अखंड. मशीनवर शिवणार असाल किंवा गोधडी दोन्ही बाजूंनी वापरायची असेल तर जोडाचं बिनधास्त करा.

हाताच्या सुईला प्रत्येक जोड म्हणजे दोन जादा पदर. जुन्या सुती साडीचे चार-पाच थर आधीच असतात. त्यात अस्तराची शिवण आली की त्या जागी टाके मोठे आणि वाकडे होतात. मशीनला याचं काही वाटत नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांच्या कवंदीला, म्हणजे त्यांच्या गोधडीला, खाली बहुतेक साडीच असते आणि वरची ठिगळं कडेपासून आत सरकत थेट तिच्यावर शिवली जातात. अशा पद्धतीत खालचं कापड सलग असणं फार सोयीचं, कारण सगळ्या कामाचा आधार तेच असतं.

गोधडीची रुंदी ४० इंचांच्या आत असेल तर हा प्रश्नच येत नाही. साधं कापड सलग पुरतं.

३. जोड दिला म्हणजे गोधडी लवकर फाटते का?

नाही. ही समजूत इतकी पक्की बसली आहे की लोक जोड टाळण्यासाठी नको ते कापड वापरतात: सिंथेटिक चादर, पडद्याचं कापड, काहीही, पण सलग हवं. आपल्याकडे लुगडं एका जागी विरलं की तो भाग काढून दोन चांगले तुकडे जोडत, दंड घालत, आणि तेच लुगडं पुढे रोज नेसत, रोज आपटून धूत. तो जोड टिकायचा. गोधडी त्या मानाने कितीतरी कमी वेळा धुतली जाते.

जोड उसवतो त्याची कारणं ठरलेली आहेत. माया, म्हणजे शिवणीबाहेर राखलेलं कापड, पाव इंचाहून कमी ठेवलेली असते, टीप लांब असते, दोरा जुना आणि कुजका असतो, किंवा शिवण नेमकी घडीवर येते. पहिल्या तिन्हींचा उपाय क्रमांक ७ मध्ये आहे, घडीचा क्रमांक ६ मध्ये.

४. एका साडीत अस्तर होतं का? नऊवारी असेल तर किती उरतं?

सहावारी साडी ६ वार म्हणजे २१६ इंच लांब धरू या आणि पन्ना, म्हणजे रुंदी, ४५ इंच. मधोमध फाडली की १०८ इंचांचे दोन तुकडे. ते लांबीला लांबी लावून शिवले की ८९ × १०८ इंचांचं अस्तर होतं, एवढ्यात थोडी अरुंद डबल गोधडी निघते. सिंगलसाठी ९५ इंचांचे दोन तुकडे घ्या. एक पूर्ण पन्न्याचा ठेवा, दुसऱ्यातून हवी तेवढी रुंद पट्टी काढून त्याला जोडा. उरलेलं आतल्या थराला जातं.

नऊवारी ३२४ इंच, म्हणजे १०८ इंचांचे तीन तुकडे. दोन अस्तराला, एक आत. जुनी नऊवारी मिळत असेल तर तिच्यासारखं अस्तर नाही. धुऊन धुऊन सुताची खळ पूर्ण गेलेली असते, त्यामुळे सुई अलगद उतरते.

ही मापं नव्या साडीची. हल्लीच्या बऱ्याच साड्या साडेपाच मीटरच्या थोड्या आत-बाहेर असतात, पन्नाही ४४ ते ४७ असा बदलतो, आणि जुनी साडी आटलेली असते. फाडायच्या आधी टेप लावा.

साडी घेताना फॉल आधी उसवा. फॉलखालचा रंग न उडालेला, गडद असतो, त्यामुळे काढल्यावर एक पट्टा वेगळा दिसतो. तो कडेला गोटाजवळ, म्हणजे कडेच्या पट्टीजवळ, जाईल अशी बाजू धरा. मग साडी खिडकीसमोर उजेडात धरून पाहा. जिथे धागे विरळ दिसतात, विशेषतः बसायच्या जागी आणि खालच्या काठाजवळ, तिथे दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणा. फसकन गेलं तर तो भाग अस्तराचा नाही, आतल्या थराचा.

५. दुकानातून नवं कापड घेणार आहे. जोड उभा द्यावा की आडवा? किती मीटर लागेल?

यात पैसे खरोखर वाचतात, म्हणून आकडे नीट मांडते.

अस्तर वरच्या बाजूपेक्षा चारही बाजूंनी २ इंच मोठं हवं. शिवताना कापड आत ओढलं जातं. साधं सुती कापड ४४ इंच पन्न्याचं मिळतं. दोन्हीकडची किनार काढली की हाती ४३ राहतात. प्रत्येक जोडाला अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे एक इंच गेला.

समजा गोधडी ६० × ८० आहे. अस्तर हवं ६४ × ८४. उभा जोड दिला तर ८४ इंचांचे दोन तुकडे, १६८ इंच, म्हणजे ४.२७ मीटर. आडवा जोड दिला तर ६४ इंचांचे दोन तुकडे पुरतात, कारण दोन पन्ने मिळून ८५ होतात आणि लांबी हवी ८४. एकूण १२८ इंच, म्हणजे सव्वातीन मीटर. एक मीटर वाचलं.

पण गोधडी ६० × ९० असेल तर लांबी ९४ हवी. दोन पन्ने ८५ वर संपतात, तिसरा तुकडा लागतो, आणि आडव्या जोडाला ४.९ मीटर कापड जातं. उभ्या जोडाला ४.८. इथे आडव्या जोडाचा काहीच फायदा नाही.

डबल गोधडी ९० × १०० ची असेल तर अस्तर ९४ × १०४. आडवे तीन तुकडे ९४ चे: ७.१६ मीटर. उभे तीन तुकडे १०४ चे: ७.९ मीटर. मात्र यापेक्षा चांगला मार्ग आहे. १०४ चे दोनच उभे तुकडे घ्या आणि मधे उरलेल्या चिंध्यांचा १० इंच रुंद पट्टा शिवून घाला. ४३ + १० + ४३, त्यातून दोन जोडांचे दोन इंच वजा, बरोबर ९४. कापड लागतं ५.२८ मीटर. पावणेदोन मीटरहून जास्त वाचतं, वरच्या बाजूचे उरलेले तुकडे वापरले जातात, आणि दोन्ही शिवणी मधल्या घडीपासून दूर राहतात. डबलच्या बहुतेक सगळ्या गोधड्यांना मी हाच सल्ला देते.

हे हिशोब कापड आटल्यानंतरच्या मापांचे आहेत. न धुतलेलं कापड घेत असाल तर थोडं जास्त घ्या, किती ते क्रमांक ११ मध्ये.

६. जोड मधोमध आला तर काय बिघडतं?

गोधडी रोज मधोमध दुमडली जाते. दोरीवर वाळत घालतानाही मधूनच. ओल्या गोधडीचं सगळं वजन त्या एका रेषेवर लटकतं. तिथेच शिवण असेल तर कापड शिवणीच्या कडेने झिजत जातं आणि काही वर्षांनी टीप शाबूत, पण शेजारचं कापड गेलेलं असं दिसतं.

उपाय जुना आणि सोपा आहे. दोन तुकड्यांपैकी एक अख्खा मधे ठेवा, दुसरा उभा मधोमध फाडून दोन्ही बाजूंना एकेक लावा. एकाऐवजी दोन शिवणी झाल्या, पण दोन्ही मधल्या घडीपासून लांब गेल्या. ६४ इंच रुंदीसाठी मधे ४३ चा तुकडा आणि दोन्हीकडे साडेअकरा-साडेअकरा इंचांच्या पट्ट्या कापा. माया जाऊन बरोबर ६४ होतात.

दोनच तुकडे ठेवायचे असतील तर जोड एका बाजूला सरकवा, निम्म्यावर नको. आडव्या जोडालाही हाच नियम: पायाकडच्या एक-तृतीयांशावर आला तर उत्तम.

७. जोडाची शिवण कशी घालायची? माया एका बाजूला वळवायची की दोन्हीकडे उघडायची?

किनार आधी काढून टाका. ती दाट विणलेली असते, बाकीच्या कापडापेक्षा वेगळी आटते, आणि दोन-तीन धुण्यांत जोडावर चुण्या धरतात. काठ सुंदर आहे म्हणून ठेवायचा मोह होतो. ठेवायचाच असेल तर तो एका तुकड्याच्या वरून, दिसेल असा शिवा. शिवणीच्या आत दडपू नका.

माया अर्धा इंच. मशीनची टीप बारीक, इंचाला दहा-बारा टाके बसतील अशी. दोरा नवा. जोडाच्या दोन्ही टोकांना टीप उलटी फिरवून पक्की करा.

मायेबद्दल दोन मतं आहेत. मशीनवर शिवायचं असेल तर माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करावी, म्हणजे जाडी वाटली जाते आणि उंचवटा लागत नाही. हाताने शिवणार असाल तर मी एका बाजूला वळवायला सांगते, कारण मग एक बाजू पूर्ण मोकळी राहते आणि धावदोऱ्याची ओळ त्या मोकळ्या बाजूने जोडाला लागून नेता येते.

८. हाताने शिवताना जोडावर सुई अडते. काय करू?

वरच्या बाजूची शिवण आणि अस्तराची शिवण एकावर एक आली आहे का ते आधी पाहा. बहुतेक वेळा तसंच असतं. दोन्ही शिवणींत किमान दोन बोटांचं अंतर ठेवा. हे कच्चे टाके घालायच्या आधीच ठरतं, नंतर काही करता येत नाही.

ओळींची दिशाही महत्त्वाची. गोधडीच्या ओळी जोडाला समांतर गेल्या तर जोड कुठेच ओलांडावा लागत नाही. कडेने चौकोनात फिरत आत येणाऱ्या ओळींत मात्र दोन बाजूंना तो ओलांडावाच लागतो. तिथे एका वेळी चार-पाच टाके सुईवर न घेता एकेक टाका खाली-वर काढा. वेळ लागतो, पण टाके एकसारखे येतात.

९. अस्तराला मांजरपाट, मलमल, चादरीचं कापड यांपैकी काय घ्यावं?

मांजरपाट स्वस्त आणि टिकाऊ, पण कोरा असताना कडक. दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढल्याशिवाय वापरू नये. मलमल अंगाला सर्वात छान, मात्र पातळ, त्यामुळे आतल्या गडद तुकड्यांचे रंग वरून दिसतात. पॉपलिन, केंब्रिक मधलं काम करतात.

नवी चादर घेऊन अखंड अस्तर करावं असं अनेकांना वाटतं, कारण ९० ते १०८ इंचांची रुंदी आयतीच मिळते. मशीनसाठी चालेल. हातासाठी नवी, दाट विणीची चादर नको. सुई प्रत्येक टाक्याला कुरकुरते आणि बोटं सोलून निघतात. वापरून मऊ झालेली सुती चादर मात्र चांगली.

सोलापुरी चादर अस्तराला लावू नका. ती जाड, आणि हाताची सुई तिच्यातून बाकीच्या थरांसकट जाणं कठीण. ऊब हवी असेल तर एक चादर आतला थर म्हणून घालून मशीनवर मोठ्या टीपेने शिवता येते.

१०. अर्धं सुती, अर्धं टेरिकॉट असं जोडाचं अस्तर चालेल?

नाही. सुती आटतं, टेरिकॉट आटत नाही. पहिल्या धुण्यानंतर जोड वाकडा होतो आणि टेरिकॉटच्या बाजूला फुगवटे येतात. ते पुन्हा कधीच सपाट होत नाहीत.

कापड कोणतं ते ओळखू येत नसेल तर कडेचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहा, पाण्याची वाटी शेजारी ठेवून. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी उरतो. मिश्र धाग्यात थोडी राख आणि थोडा मणी, दोन्ही दिसतं. मणी दिसला की ते कापड सुती अस्तरात घेऊ नका.

११. अस्तर आधी धुवायलाच हवं का?

अखंड असेल तरी हो, जोडाचं असेल तर नक्कीच. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभर इंचांना तीन ते पाच इंच सहज आटतं, मांजरपाट त्याहून जास्त. दोन वेगळ्या दुकानांतली दोन कापडं वेगवेगळी आटतात, आणि तो फरक जोडावर दिसतो. वर क्रमांक ५ मधल्या हिशोबात म्हणूनच प्रत्येक मीटरमागे पाच-सहा सेंटिमीटर जास्त धरा.

रंगाची परीक्षा वेगळी करा. पांढरा ओला रुमाल कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर कापड वेगळं धूत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीठ घातल्याने रंग बसतो यावर विसंबू नका. गडद लाल, निळ्या आणि काळ्या कापडांबाबत जास्त जपा. चार धुण्यांनंतरही रुमाल रंगत असेल तर ते अस्तराला नकोच, कारण अस्तर थेट अंगाला आणि गादीच्या खोळीला लागतं.

१२. एकरंगी घ्यावं की छापील?

हाताचा टाका चांगला असेल तर एकरंगी, तो उठून दिसतो. नवशिक्याने छापील घ्यावं, बारीक नक्षीचं. मोठ्या पट्ट्यांचं किंवा चौकड्यांचं कापड असेल तर जोडावर नक्षी जुळवावी लागते आणि कापड जास्त जातं. मशीनवर शिवताना खालचा, बॉबिनचा दोरा अस्तराच्या रंगाचा घ्या. जोडाच्या अस्तरात रंग अनेक असतील तर बदामी किंवा राखाडी दोरा बहुतेक सगळ्यांत मिसळून जातो.

१३. उरलेल्या तुकड्यांचंच पूर्ण अस्तर केलं तर? दोन्ही बाजू वापरायच्या आहेत.

करा, आणि आनंदाने करा. दोन्ही बाजूंनी ठिगळांच्या वाकळी आपल्याकडे नेहमीच होत आल्या आहेत. दोन गोष्टी पाळा.

पहिली, अस्तराचे तुकडे मोठे ठेवा. वर चार इंचांचे चौकोन असतील तर खाली बारा-पंधरा इंचांचे आयत. शिवणी कमी, वजन कमी, सुईला सोपं. दुसरी, सगळे तुकडे उभ्या-आडव्या धाग्यावर कापलेले हवेत. त्रिकोण आणि तिरके तुकडे वर शोभतात, पण त्यांच्या कडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या, असतात आणि ताणतात. अस्तरात त्या आल्या की गोधडीचा मधला भाग पोत्यासारखा लोंबतो.

मांडणी मुद्दाम बेतशीर नको. मधोमध एक ठळक पट्टा किंवा चौकोन ठेवला तर तो वरच्या बाजूशी तंतोतंत जुळवावा लागतो, आणि बोटभर सरकला तरी डोळ्यांत खुपतो. एका बाजूला झुकलेली मांडणी सरकली तरी कुणाला कळत नाही.

१४. अस्तराला खाली चुण्या पडतात. जोडामुळे पडतात का?

बहुतेक वेळा नाही, पसरताना कापड सैल राहिल्यामुळे पडतात. अस्तर उलटी बाजू वर करून जमिनीवर पसरा. शहाबादी फरशी असेल तर फारच छान: फरशीच्या एका सांध्यावर अस्तराचा जोड बरोबर ठेवा, आडव्या सांध्यावर कड ठेवा, म्हणजे काटकोन आपोआप मिळतो. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. वरवंटा, पाट, तांदळाचा डबा, जे असेल ते. मग चारही बाजूंच्या मध्यावर. कापड तणाव जाणवेल इतकं सरळ हवं, ताणलेलं नको. ताणलं तर मोकळं सोडल्यावर ते आखडतं आणि वरचे थर फुगतात.

मग आतले थर, मग वरची बाजू. कच्चे टाके मधून कडेकडे घाला, वीतभर अंतराने. कडेकडून मधे आलात तर सगळा सैलपणा मधे गोळा होतो.

एवढं करूनही फक्त जोडाजवळच चुण्या येत असतील तर किनार आत राहिली आहे किंवा दोन कापडं वेगवेगळी आटली आहेत. क्रमांक ७ आणि ११ पाहा.

१५. बाळाच्या दुपट्याला काय लावू?

अखंड, जुनं, सुती. बाळाच्या त्वचेला शिवणीचा उंचवटा नको, आणि ३६ इंचांच्या दुपट्याला जोडाची गरजही नसते. आजीचं लुगडं मिळालं तर देवच पावला. दोऱ्याच्या गाठी आतल्या थरात लपवा, अस्तराच्या बाजूला एकही नको. जरी, टिकल्या, बटणं, लोंबते गोंडे अजिबात नकोत. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना जाड गोधडी अंगावर घालू नका, खाली सपाट अंथरलेलं पातळ दुपटं पुरे.

१६. पिंजलेला कापूस भरून दुलई करायची आहे. जोडाचं अस्तर चालेल?

चालेल, पण कापड दाट विणीचं हवं. मलमलीतून कापसाचे तंतू बाहेर येतात, आणि जोडाच्या भोकांतूनही येतात. जोड दुहेरी टीपेचा करा आणि माया एका बाजूला वळवून वरून दुसरी टीप मारा. इथे माया उघडू नका, मधे फट राहते.

१७. आईच्या साड्या आहेत. तिच्यामागे त्या कापवत नाहीत, पण गोधडी हवी आहे.

मग कापू नका. सहावारी मधोमध दुमडली की ४५ × १०८ चा दुपदरी तुकडा होतो. अशा दोन साड्या शेजारी ठेवून एका जोडाने शिवल्या की डबल मापाचं दुपदरी अस्तर तयार, आणि दोन्ही साड्या टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. नऊवारी तिहेरी दुमडते. जुन्या गोधड्यांत साड्या अशाच घड्या घालून बसवत. दोन थर असल्यामुळे इथे जोडाची माया अर्ध्याऐवजी पाऊण इंच घ्या, आणि किनार न कापता राहणार असल्यामुळे साड्या पूर्ण आटलेल्या, खूप धुतलेल्या हव्यात.

पदर कुठे ठेवायचा हे आधी ठरवा. मी तो डोक्याकडे ठेवायला सांगते. पायाकडची बाजू लवकर मळते आणि जास्त झिजते. घडी घालताना दोन टोकांपैकी पदराचं टोक वर येईल हे पाहून घ्या.

एकच साडी असेल तर ती मधे ठेवा आणि दोन्ही बाजूंना साध्या कापडाच्या पट्ट्या जोडा. साडी पूर्ण राहते आणि रुंदीही मिळते.

१८. काठपदराची रेशमी साडी अस्तराला चालेल?

शक्यतो नको. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर चिरतं, जरी टोचते आणि काळी पडते, आणि रेशीम घसरतं त्यामुळे थर सरकतात. फारच आवडती असेल तर वरच्या बाजूला, मागे पातळ सुती कापड लावून वापरा, आणि गोधडी रोजच्या धुण्यात टाकू नका.

१९. अमेरिकेत मुलीकडे आहे. इथे लाँगआर्म मशीनवर शिवून घ्यायचं आहे, ते अस्तर मोठं मागतात.

लाँगआर्म म्हणजे गोधडी मोठ्या चौकटीवर ताणून शिवणारं मशीन. त्यावर अस्तर रुळांना बांधून ताणतात, म्हणून चारही बाजूंना साधारण ४ इंच जास्त लागतं, म्हणजे लांबी-रुंदी दोन्हीत ८ इंच वाढ. नक्की माप शिवणाऱ्यालाच विचारा. तिथे १०८ इंच पन्न्याचं खास अस्तराचं कापड मिळतं, घाईत असाल तर तेच घ्या.

साडीचं अस्तर द्यायचं असेल तर जोड रुळाला समांतर येईल असा ठेवायला सांगा. रुळाला काटकोनात आला तर गुंडाळताना शिवणीवर शिवण चढत जाते, तिथे जाडी वाढते आणि कडेचं कापड सैल पडतं. विरलेली साडी या मशीनला देऊ नका. ताणाने ती फाटते.

२०. कच्चे टाके घातल्यावर कळलं की अस्तर एका बाजूला दोन इंच कमी आहे. सगळं उसवू?

नको. त्या बाजूचे कच्चे टाके फूटभर आतपर्यंत काढा, वरचे थर मागे दुमडा आणि अस्तराला तीन-चार इंचांची पट्टी जोडा. इस्त्री करा, पुन्हा पसरा. पट्टी वेगळ्या रंगाची असेल तर समोरच्या बाजूला तशीच पट्टी वरून शिवा, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसतं. एक इंचाहून कमी तूट असेल तर रुंद गोट लावूनही भागतं.

२१. अस्तर फाटलं, वरची बाजू चांगली आहे. बदलता येतं का?

जोडाचं असेल तर सोपं: फाटलेल्या भागावर जोडापासून जोडापर्यंत नवा तुकडा बसवा. अखंड असेल तर वरून दुसरं अस्तर घाला, जुनं काढत बसू नका. जुने टाके उसवले की वरची बाजूही दुखावते. गोट उसवा, नवं धुतलेलं कापड खाली पसरा, कच्चे टाके घाला आणि जुन्या ओळींच्या मधल्या जागेतून नव्या ओळी घाला, प्रत्येक दोन ओळींआड एक पुरे. गोधडी एका थराने जाड होते, तेव्हा नवं कापड पातळ घ्या. फाटलेली जागा लहान, तळहाताएवढी असेल तर एवढा खटाटोप नको: कडा आत दुमडून ठिगळ लावा आणि त्यावरून धावदोऱ्याच्या ओळी शेजारच्या ओळींना जोडून पुढे न्या.